पंधरा किलो

चिमूरच्या सेतू केंद्रात
निकेशनं पडद्यावर बोट सरकवलं :
नागपूर, मुंबई, नैरोबी,
पुढं बारा जणांचं विमान,
गवतावर उतरणारं.
सामान पंधरा किलो. बॅग मऊ पाहिजे.

पुष्पकलानं शिवली,
युरियाच्या पोत्याला आतून जुनं लुगडं.
मोहफुलाच्या काट्याला टांगली : सोळा.
तिनं चिवडा काढला,
परत घातला,
माझा स्वेटर काढला.

वीस वर्षं जिप्सीत उभा राहून
पाहुण्यांना सांगत आलो, हळू बोला.
आता मी पाहुणा.

"तिथं वाघ हाये का?"
"नाही."
"अन् मंग कायले चालला?"

रात्री बांबूतून सांबर ओरडलं.
मी उठलो नाही,
नैरोबीतले सात तास
कुठं बसून काढायचे, मोजत पडलो.
अंधारात तीच म्हणाली,
"तलावाकडं गेला."