टोचन

एडेंडेरी अजून सात मैल होतं
आणि दोन्ही काठांना नुसती दलदल,
पीट कापून नेलेली काळी, ओली जमीन,
तिच्यावर एक बगळा, तोही पाठमोरा.
पट्टा तुटला तेव्हा फार आवाज झाला नाही.
ओला टॉवेल कुणी टेबलावर आपटावा, तेवढाच.
मग वाफ. मग जळक्या रबराचा वास.
इंजिन बंद केलं
आणि पाणी बोटीच्या कडेला लागताना ऐकू यायला लागलं.

हत्यारांच्या पेटीत तीन मापांचे पाने होते,
गंजावरचं तेल होतं,
भावानं दिलेला, कधीच न उलगडलेला पॉलिशपेपर होता.
पट्टा नव्हता.
पट्टा मे महिन्यापासून यादीत होता.

आधी एक भाड्याची बोट गेली, जर्मन कुटुंब.
मुलांनी हात हलवला. मीही हलवला.
त्यांना वाटलं असेल, बाई मासे धरायला थांबलीय.

मग वळणापलीकडून तो आवाज:
दोन सिलिंडर, दुसऱ्याचा ठोका किंचित उशिरा.
झोपेतही ओळखला असता.
मॅलकी गेराटी.
एवढ्या लांबलचक कालव्यावर नेमका तोच.

अकरा वर्षांमागे त्यानं रात्री लॉकची झडप उघडी टाकली
(तो म्हणतो, मी टाकली).
पहाटेपर्यंत वरचं सगळं पाणी उतरून गेलं,
माझी बोट चिखलात कलंडली,
आईच्या सहा निळ्या बशांतली एक वाचली.
तेव्हापासून आम्ही एकमेकांना दिसत नाही.
पबमध्ये दारं दोन आहेत, ते बरं आहे.

त्यानं गती उतरवली.
माझ्याकडे नाही,
इंजिनाच्या उघड्या झाकणाकडे पाहिलं, बराच वेळ.
टोपी मागे सारली
आणि दोरी फेकली.

सात मैल त्यानं मला टोचन करून नेलं.
समोर त्याची पाठ, त्याचा राखी स्वेटर,
कोपराला तपकिरी ठिगळ.
नोरीन गेल्यावर त्यानंच लावलं असणार,
टाके तसेच होते.
वळण यायच्या आधीच तो हळू व्हायचा,
दोरी पोट टाकून पाण्यात बुडायची,
मी सुकाणू सावरायचे,
मग ती थेंब गाळत वर यायची
आणि ताठ व्हायची,
हिसका न देता.
सात मैलांत एकदाही हिसका नाही.
इतकं लांब बोलणं आमचं
भांडणाआधीही कधी झालं नव्हतं.

धक्क्यावर दिवे लागले होते.
त्यानं गाठ सोडली, दोरी गुंडाळली,
अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर,
आणि पाण्याला म्हणाला,
"पट्टा जुना होता."
मला म्हणायचं होतं ते वेगळं होतं.
तोंडातून आलं, "माहीत होतं."

सकाळी छपरावर पावाची कागदी पिशवी,
आत नवा पट्टा,
पिशवीवर पेन्सिलीनं माप.
मी कॅलिपर लावून पाहिला. बरोबर.
त्याचं इंजिन वेगळं आहे,
माझं माप त्याला कुणी सांगितलेलं नाही.

पैसे पाकिटात घालून त्याच्या कठड्याला बांधले.
दुसऱ्या दिवशी तेच पाकीट माझ्या कठड्याला,
गाठ मात्र माझ्यापेक्षा चांगली.
तीनदा असं झालं.
आता ते त्या उरलेल्या बशीत पडून आहे.

बोलत नाही आम्ही अजून.
माफी कुणी मागितलेली नाही
आणि झडपेबद्दल माझं मत बदललेलं नाही.
पण बांधलेल्या बोटीवरून हळू जावं,
हा इथला जुना शिरस्ता
त्यानं अकरा वर्षं फक्त माझ्यापुरता मोडला होता.
तो गेला की फळीवरचे कप वाजायचे.

काल संध्याकाळी तो गेला.
चहा काठोकाठ भरलेला होता.
सांडला नाही.