परतफेडीची वर्षं

कारेलनं शिडीवरून छपरावर बोटानं टकटक केलं
आणि खाली न बघताच म्हणाला, "एटर्निट."
आमच्या सारेमा बेटावर हा शब्द
डॉक्टर आजाराचं नाव घेतात तसा घेतात,
अर्धा गिळून.

करड्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस. त्याला भोक पाडायचं नाही.
आधी तो उतरवायचा, मास्क लावून, गुंडाळून,
पैसे मोजून पुरायला द्यायचा.
मग नवं छप्पर,
मग त्या छपरावर सूर्य.
कोंबडी चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा.

एंडेल मच्छीमार संस्थेत तीस वर्षं हिशेबनीस होता,
अजून सातच्या पोटात आडवी रेघ मारतो.
बियाण्यांच्या कॅटलॉगच्या पाठकोऱ्या पानावर
त्यानं रकाने आखले.
पॅनल : सहा हजार आठशे युरो, नऊ वर्षांत फिटतात.
छप्पर धरलं तर साडेतेवीस.
"साडेतेवीस," तो पुन्हा म्हणाला,
वजनात मारलं जाताना पकडल्यासारखा.

जूनमध्ये आमच्याकडे रात्री साडेदहाला अंगणात पेपर वाचता येतो.
तेव्हा देशभरची छपरं वीज ओततात
आणि भर दुपारी तिचा भाव शून्याच्याही खाली जातो,
सप्टेंबरातल्या सफरचंदांसारखा :
प्रत्येक फाटकाशी भरलेली बादली, वर पाटी, "न्या, फुकट."
डिसेंबरात नऊला उजाडतं,
साडेतीनला कोंबड्या झोपलेल्या असतात.
तेव्हा युनिटला किती पडतात, ते एंडेल मला मुद्दाम सांगत नाही.

मला हिशेब नकोच होता.
मला ऑक्टोबरातलं ते वादळ विसरायचं होतं,
चार दिवस अंधार, विहिरीचा पंप मुका,
यूलोच्या जनरेटरची घरघर कुंपणापलीकडून,
आणि त्यानं स्वतःहून न विचारणं.
"मग तसं वादळ आलं तरी आमचे दिवे राहतील ना?"
कारेल टेप गुंडाळत राहिला.
"नाही. तार मेली की हेही झोपतं.
बॅटरी घेतलीत तर..."
त्यानं लिहिलेल्या आकड्यावर मी कप ठेवला.

रात्री एंडेल झोपल्यावर कॅटलॉग उलटा केला.
पॅनल, २५.
इन्व्हर्टर, १२.
नवं छप्पर, ५०.
त्याखाली, बारीक अक्षरात,
एंडेल : प्रश्नचिन्ह, खोडलेलं, मग ९.
हेल्वे, ३०.

मी एकाहत्तरची आहे.
तीस!
कुठल्या दुकानाच्या वॉरंटीवर?
रबर शोधलं, सापडलं नाही.
त्याच्या नऊकडे पाहत बसले.
नेमकी परतफेडीइतकी वर्षं,
एक दिवस जास्त नाही, माणूस उधारी ठेवणारा नव्हेच.

पहाटे तीनला वीज सर्वांत स्वस्त,
म्हणून त्यानं वेळ लावून ठेवलेलं धुण्याचं मशीन सुरू झालं.
अंधारात त्याचा आवाज आला :
"छप्पर राहू दे. लाकडांच्या शेडची दक्षिणेची भिंत आहे ना,
तिला सहा लावू. उभे.
बर्फ टिकायचा नाही."
"किती वर्षांत फिटतील?"
"मोजलं नाही," म्हणाला माझा हिशेबनीस.

पंचेचाळीस वर्षांत त्याला खोटं बोलणं जमलेलं नाही.
मी काही बोलले नाही.
पाणी भरलं, ड्रम फिरला, थांबला, उलटा फिरला,
आणि पिळण्याचा आवाज येईपर्यंत
आम्ही दोघं झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिलो.