पार्श्वभूमी

मेम्फिस. सकाळचे नऊ पाच.
पडद्यावर सात चौकोन, आठवा डेल्फीनचा.
मागे स्वयंपाकघर, म्हणून तिने पार्श्वभूमी धूसर केली.
प्रोग्रॅमने जरा जास्तच मनावर घेतलं:
ओट्याबरोबर तिचे केसही पुसून टाकले.
मान हलली की एक कान जायचा,
हात उचलला की बोटं विरघळायची.

ती बोलत राहिली.
डायलिसिसची माणसं, आठवड्यातून तीन खेपा,
चुकलेली एक व्हॅन म्हणजे
अंगात साठत राहिलेलं पाणी.
कुठली गाडी कुणाच्या दारी किती वाजता
हे ठरवणारं सॉफ्टवेअर. अकरा महिने चालू.
चारशे बारा पेशंट.

‘छान,’ चौथा चौकोन म्हणाला, ‘पण हे बांधलं कुणी?’
‘मी.’
‘नाही, म्हणजे कोड कुणी लिहिला?’
‘मी.’
‘हो, हो. पण टेक्निकल बाजू कोण बघतं?’
तेच एक अक्षर तिसऱ्यांदा
भातातल्या खड्यासारखं दाताखाली आलं.

तिने बटण दाबलं.
केस परत आले, अख्खे, छताकडे निघालेले,
आणि केसांमागचंही सगळं आलं:
फ्रिजवर डकवलेली वेळापत्रकं,
सिंकमधली कढई,
टेबलाशी तिची आई, मिस ओझेला,
डाव्या दंडावर फिस्टुलाचा फुगवटा,
पुढ्यात बिनमिठाच्या ग्रिट्सचा वाडगा.
‘ही माझी पहिली प्रवासी,’ डेल्फीन म्हणाली.
‘अगं, मी दिसतेय होय?’
म्हातारीने घाईघाईने डोक्याचा रुमाल सारखा केला.

दोन चौकोन हसले. एकाने घड्याळ पाहिलं.
मग ‘संपर्कात राहू.’
हे वाक्य तिने वहीत मोजून ठेवलंय, आज त्रेचाळीस.

मार्चमध्ये एका परिषदेचं बोलावणं आलं.
विषय: तंत्रज्ञानातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची दृश्यमानता.
मानधन नाही.
दृश्यमानता मिळेल, म्हणाले.
ती गेली. दिव्यांचा झोत
आधीच्या वक्त्याच्या रंगाला लावलेला होता,
तो कुणी बदलला नाही.
फोटोत दात आले, आणि कानातले.

पहाटे चार चाळीस. लॅपटॉपवर नकाशा.
ऑरेंज माउंडच्या एका गल्लीत
हिरवा ठिपका वळतो, थांबतो.
दार दिसत नाही, दिवा दिसत नाही.
नव्वद सेकंद झाले, अजून थांबलेलाच.
म्हणजे कुणीतरी कठडा धरून
पायऱ्या उतरतंय.
डेल्फीन कॉफी न पिता बघत राहते
ठिपका हलेपर्यंत.