तिळाएवढं निळं

मेंडिगच्या खाणीत सुट्टीच्या दिवशी
हेरिबर्ट प्युमिस चाळत बसतो.
गुडघ्यांखाली जुनी उशी,
दातांत भिंगाची दोरी.

सापडतं ते तिळाएवढं.
हाउइन, म्हणतो, आणि श्वास रोखून धरतो.

त्यानंच सांगितलं मला :
हे स्फोटात नाही घडलं.
त्याच्या कितीतरी आधी,
डोंगराखालच्या रटरटत्या रसात
गंधक, सोडा, चुना
एकेक करून जागा धरत गेले.
घाई कुणालाच नव्हती.
मग एका वसंतात छप्परच उडालं,
रसाचा फेस झाला, फेसाचा दगड,
आणि आत अडकलेलं निळं
आभाळ फिरून
ऱ्हाईनकाठी पडलं.

मी काही बोलले नाही.
बावीस वर्षं विटांच्या कारखान्यात होते मी.
हाच हलका दगड, सिमेंट, पाणी,
साच्यात दाबा, ठोका, पुढची.
कोण बघत होतं?

घर आमचंही त्याच विटांचं.
रात्री तो दिव्याखाली डबीतले दाणे मोजतो.
म्हणतो, वाल्ट्राउट, आज दोन.
मी भांडी पुसता पुसता
स्वयंपाकघराच्या भिंतीला,
रंगाच्या चार थरांवरून,
उगाच हात लावून बघते.