जैसे थे

हिवाळ्यात त्या एस्टोनियन बेटावरचा रस्ता
समुद्रावरून जातो.
बर्फ बावीस सेंटिमीटर झाला की तो खुला होतो,
आणि लोक मोटारीत पट्टा न बांधता बसतात,
बर्फानं दगा दिला तर दाराशी लवकर पोचावं म्हणून.

हाइनो पहाटे गिरमिटानं भोक पाडायचा,
पट्टी आत सोडायचा,
आकडा धक्क्यावरच्या पाटीवर खडूनं लिहायचा.
पाटी वाचायला येणारे
चार शब्द बोलूनही जायचे.

मग लेएलोनं बॉट केला.
बेटाच्या चॅटमध्ये, त्याच्या नावाखाली, एक ओळ:
बर्फ २४. रस्ता खुला.
हाइनो फोन करी, ती हातानं ओळ बदली.
एकदा विसरली.
दुधाची गाडी पलीकडच्या काठावर दोन तास उभी,
दूध कॅनमध्येच गोठलं.

तेव्हा तिनं बर्फात तार पुरली
आणि बॉटला सांगितलं:
दर पाच सेकंदांनी तारेला विचार,
ती म्हणेल ते लिही.
चॅटच्या यंत्रानंच दटावलं,
सारखी कडी कशाला वाजवतोस?
तिनं दहा मिनिटं केली.
बरोबरच आहे,
बर्फाला एक बोट वाढायला रात्र लागते.

हाइनोनं गिरमीट तेल लावून
खुंटीला टांगलं.

फेब्रुवारीत दक्षिणेचा वारा सुटला.
पागोळ्या गळू लागल्या.
ओळ म्हणाली: बर्फ २६. रस्ता खुला. आत्ताच तपासलं.
दुसऱ्या दिवशी २६.
तिसऱ्या दिवशी २६, आत्ताच तपासलं.
उर्वे म्हातारीनं खाली लिहिलं,
माझ्या अंगणात बदकं पोहतायत.
बॉट गप्प. त्याला बदकांचं काय?

गिरमीट खुंटीवरून उतरलं.
एकोणीस भरला.

तार आतून तुटली होती,
आणि काठावरची डबी शेवटचा आकडा
घोकत बसली होती.
बॉट खोटं बोलला नाही.
तो इमानेइतबारे विचारत होता,
पलीकडून कुणीतरी झोपेत हुंकार देत होतं.
जुन्या पत्रांत नाही का,
'इकडील सर्व कुशल',
आणि पत्र पोचेतो
लिहिणाराच तापानं फणफणलेला?

लेएलो रात्रभर एकाच प्रश्नाशी अडली:
कळत नसेल तेव्हा बॉटनं काय म्हणावं?
ओळ कोरी ठेवली तर लोक खुला समजतील.
'त्रुटी' लिहिलं तर कोण वाचतंय.
पहाटे तिनं लिहिलं,
आकडा सहा तास हलला नाही तर म्हण:
ठाऊक नाही. हाइनो गेला आहे बर्फ मोजायला.
आणि हाइनोला फोन लाव.

आठवड्यानं थंडी परतली.
आकडा खरोखरच हलला नाही.
बॉटनं फोन लावला, ओळ लिहिली,
पण ओळीला अक्षरांची मर्यादा होती,
हे लेएलोच्या ध्यानात नव्हतं.

बेट जागं झालं आणि वाचलं:
ठाऊक नाही. हाइनो गेला

अर्ध्या तासात धक्क्यावर तीस माणसं.
उर्वेनं राईचा पाव आणलेला, काळ्या फडक्यात.
आर्ने गाणारा नाही, तरी त्यानं घसा साफ केला.
लेएलो अंगातल्या झग्यावर कोट चढवून पळत आली,
रडावं की कोड दुरुस्त करावं, तिला सुचेना.

समोरून, बर्फावरून,
एक काळा ठिपका लंगडत येत होता,
खांद्यावर गिरमीट.
जवळ आला, गर्दी बघितली,
"कोण गेलं?" म्हणाला.
कुणीच बोलेना.
उर्वेनं पाव पुढे केला. त्यानं मोडून खाल्ला.

मग बाहीनं पाटी पुसली,
खिशात चाचपला, खडू सापडला,
बोटभर उरलेला.
२३, लिहिलं.

"आणि गुडघा?" लेएलोनं विचारलं.
"जैसे थे," म्हणाला,
आणि थोडं थांबून,
"सकाळपासून तपासला नाही."