ऊन पाठीशी

चोवीस पानं. कमीत कमी.
एवढ्या एकाच गोष्टीवर तिन्ही साइट्सचं एकमत.
बाकी कागद एकाचा एकशे सत्तर ग्रॅमचा,
दुसऱ्याचा दोनशे,
तिसरा वजन सांगतच नाही, नुसतं 'प्रीमियम' म्हणतो,
आंबा हातात न देता
गोड आहे म्हणून सांगावं तसं.

बायको म्हणाली, दुसऱ्याकडून घे,
त्याचं पुस्तक उघडलं की सपाट पडतं.
देवस्थळींच्या लग्नाच्या पुस्तकात
नवरामुलगा गेलाय मधल्या घडीत.
मुंडावळ्या तेवढ्या दिसतात.

अंबुजाआत्याला एकोणीस तारखेला ऐंशी पूर्ण.
अरण्येश्वरच्या पिनकोडला सहा ते आठ दिवस, रविवार सोडून.
कूपन आज रात्री बारापर्यंत.
आणि माझ्याकडे आत्याचे फोटो अकरा.
त्यातले दोन पासपोर्टचे,
एक टेलिफोन ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोप समारंभाचा,
तिसऱ्या रांगेत,
पुढच्या बाईच्या अंबाड्यामागे अर्धी.

मग काढला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
त्यात आम्हीच सगळे, आत्यानं काढलेले.
एका रोलात बारा फोटो, बाराच,
म्हणून 'हलू नका' म्हणायची ती
रागावल्यासारखी.
फुलराणीच्या डब्यात मी आणि निरुपमा,
खडकवासल्याला कणीस खाणारे बाबा,
एम्प्रेस गार्डनमध्ये आई,
लग्नाआधीची की नंतरची, आता कुणाला विचारणार.

स्कॅन केले, चढवले.
साइटनं एकेकावर पिवळा त्रिकोण ठेवला,
'या चित्राचा दर्जा कमी आहे.'
बरं, कमी तर कमी.
मग तिनं आपणहून विचारलं,
कोपऱ्यातलं बोट पुसू का?
जमिनीवरची सावली काढू का?
एका क्लिकमध्ये, मोफत.

कुठली सावली?

चष्मा पुसून पुन्हा बसलो.
नऊ फोटोंत आहे.
दोन्ही कोपरं बाहेर, मान किंचित पुढे,
आमच्या पावलांपर्यंत आलेली.
फुलराणीच्या डब्यावर चढलीय,
एम्प्रेस गार्डनमध्ये तर आईच्या मांडीत डोकं ठेवून आहे.
आणि चार फोटोंत बोट,
आभाळाच्या कडेला, मऊ, भलंमोठं.

नऊ नि चार तेरा, तेरा नि अकरा चोवीस.
झालं की पुस्तक!
मग लक्षात आलं, बाबांच्या कणसाच्या फोटोत दोन्ही आहेत,
सावलीही, बोटही.
म्हणजे तेवीसच.
साइट म्हणाली, एक पान रिकामं आहे, तरी पुढे जायचं?
मी नाही गेलो.
बारा वाजले, कूपन गेलं.

सकाळी सरप्राइज वगैरे गुंडाळून
फोन घेऊन आत्याकडेच गेलो. गच्चीत होती, गव्हाला ऊन देत.
दोन बोटांनी फोटो मोठा करायला शिकवला,
तेवढं लगेच जमलं तिला.
सावली पाहिली. काही वाटलं असेल म्हणून मी थांबलो.
'बरोबरच आहे,' म्हणाली,
'ऊन पाठीशी घेऊन काढायचा असतो फोटो.
कॅमेऱ्याच्या खोक्यावर लिहिलेलं होतं.'

ते शेवटचं पान?
ते कोरं राहील, मी म्हणालो.
'कोऱ्या पानाचे पैसे घेतात?'
घेतात.
'वा रे वा.'

पदराला हात पुसले,
फोन माझ्या हातातून घेतला,
सूर्य कुठे आहे ते एकदा पाहून
मला गव्हापलीकडे उभं केलं.
'डोळे काय मिचकावतोस? हलू नकोस.'

ऊन थेट माझ्या तोंडावर.
मी खाली, गव्हाकडे पाहत राहिलो.