साडेतीन फूट

औसा रोडच्या वॉटर पार्कात
माझ्या खिडकीशेजारी रंगवलेला जिराफ,
त्याच्या गुडघ्यावर साडेतीन फुटांची रेघ.
"वाक की जरा," अयोध्याताई कुजबुजते,
पोराचे केस तळहातानं चापून बसवते.
अर्धं तिकीट फाडतो मी.

आत मोठ्या घसरगुंडीला तीच रेघ,
नियम उलटा: कमी भरला तर माघारी.
व्यंकट टाचा उचलतो, मान ताणतो.
शिट्टीवाला खांदे दाबतो,
"खाली ये, देवा."

पाचला ती परत खिडकीशी.
आजचे पैसे वळते करून वर्षाचा पास?
होतो. पण आजच्या आज, पावती लागते.
पदराच्या गाठीतून लगदा निघतो,
आकडा तेवढा वाचता येतो.

फोटो काढतो. खाली छापून येतं:
फक्त याच इसमास.
"पुढच्या मार्चपर्यंत चालतो."

ती फोटो बघते, पोराकडं बघते.
"तवर ह्योच इसम ऱ्हातोय व्हय?"